40 लाखांत दवाखाना की शाळा?

प्रश्न विचारणारे सात-आठ मित्र एकाच तालुक्यातले. आता कुणी पुण्यात आहे, कुणी दुबईत, कुणी न्यू जर्सीत. सगळ्यांनी मिळून 40 लाख रुपये जमवलेत. त्यात चार-पाच गावांसाठी एक दवाखाना बांधावा की जिल्हा परिषदेच्या शाळांना खोल्या बांधून द्याव्यात, यावर त्यांचं एकमत होत नाही. आपल्यासारख्या इतर देशांत काय चाललं आणि काय फसलं ते सांगा, त्यावरून ठरवू, असं त्यांनी लिहिलंय.

दोन्ही बांधू नका.

नाराज होण्याआधी हिशेब बघा. 40 लाखांची इमारत उद्घाटनाच्या दिवशी सगळे पैसे खाऊन बसलेली असते, आणि खरा खर्च दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो: सिस्टरचा पगार, औषधं, वीजबिल, गळकं छप्पर. तो कोण करणार? सरकारी निकष सपाटीवर 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे; आदिवासी आणि डोंगरी भागात 3,000 आणि 20,000. म्हणजे तुमच्या भागात इमारती बहुधा आहेतच. अडचण असते ती इमारतीत माणूस असण्याची, आणि तो असला तर कामावर असण्याची. तुमच्या पैशानं आणखी एक कुलूप वाढेल.

हेच 40 लाख वेगळ्या तऱ्हेनं मांडा. गावातल्याच चार बायकांना महिना 6,000 मानधन दिलं तर वर्षाचे 2 लाख 88 हजार होतात. त्यांच्या कामावर देखरेख करणारी एक नर्स किंवा समाजकार्य शिकलेली मुलगी महिना 20,000 वर ठेवली तर 2 लाख 40 हजार. साहित्य, प्रवास, प्रशिक्षण यांना दीड-पावणेदोन लाख. एकूण सातेक लाख. म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ काम चालतं, आणि पाच वर्षांत गावात बरंच काही बदलू शकतं. कोनशिला मात्र मिळणार नाही. मित्रांपैकी कुणाला ती हवीच असेल तर ते आत्ताच बोलून घ्या, नंतर वाद होतात.

आता हे मी कशाच्या जोरावर सांगतो ते सांगतो.

1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. ते पाजायचं काम नातेवाईकांनीच केलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूदर 4 टक्क्यांच्या खाली आला. औषध सापडलं होतं, ते आईच्या हातात कसं पोचवायचं हा प्रश्न उरला होता. तो सोडवला बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेनं. 1980 ते 1990 या दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन बसल्या आणि प्रत्येक घरातल्या आईला तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे मिश्रण तिच्याच हातानं करायला लावलं. पत्रक नाही, भाषण नाही. बाईनं स्वतः चिमूट घ्यायची, स्वतः ढवळायचं आणि चाखून बघायचं.

मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती पगाराची. कार्यकर्तीनं किती घरं केली यावर तिचे पैसे ठरत नव्हते. काही आठवड्यांनी दुसरा माणूस त्यातल्या काही घरांत अचानक जायचा आणि आईला प्रश्न विचारायचा. तिला जेवढं आठवत असेल, त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. आपल्याकडे प्रशिक्षणाचा अहवाल म्हणजे हजेरीपट, जेवणाचं बिल आणि गटाचा फोटो. शिकणाऱ्याला काय राहिलं हे महिन्याभरानं विचारायला कुणी जात नाही.

तरीही पहिल्या फेरीत गाडी अडलीच. आयांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडल्यावर पाणी करून पाजणाऱ्या फार थोड्या निघाल्या. शोध घेतल्यावर दोन कारणं कळली. शिकवणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी जुलाब झाले की त्या गोळ्या शोधत. आणि पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. घरात नवरा-सासरा 'हे काय गूळपाणी पाजतेस' म्हणाला की विषय संपायचा. मग कार्यकर्त्यांना हे पाणी कसं काम करतं ते प्रत्यक्ष दाखवलं गेलं, आणि पुरुषांसाठी बाजारात, मशिदीत बैठका घेतल्या. तुम्ही बायकांना नेमाल तेव्हा हे लक्षात ठेवा. पारावर बसणाऱ्यांनाही सोबत घ्यावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण बघायला गडचिरोली पुरे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथे लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं, तेव्हा अडचण साधी होती: न्यूमोनिया ओळखायला मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यावर त्यांनी एक साधन केलं. मधे एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. लहान बाळाला मिनिटाला 60 आणि मोठ्याला 50 ही मर्यादा त्या लाल मण्याच्या जागेतच बसवलेली. दायीला आकडा ठाऊक असायची गरजच उरली नाही. मी प्रशिक्षणात येणाऱ्या तरुण डॉक्टरांना नेहमी हे उदाहरण देतो. 'या बायका अडाणी आहेत, यांना काय जमणार' असं म्हणून आपण ज्यांना बाजूला करतो, त्यांच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा आपल्या साधनात असते.

पुढे तिथल्याच 39 गावांत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी हा प्रयोग झाला. पाचवी ते दहावी शिकलेल्या आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, बाळाला ऊब मिळते का, ते अंगावर नीट पितं का हे पाहायच्या, आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायच्या. यावर वैद्यकीय वर्तुळात केवढा गहजब झाला! पण 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे छापून आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या हिशेबात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला होता. 2011 पासून देशभरातल्या आशाताई घरी बाळाला बघायला ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची धरून सात.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केलं, तेही त्या काळात अक्षरओळख नसलेल्या, त्यातल्या कित्येक दलित असलेल्या बायकांना हाताशी धरून. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी पुन्हा लिहीत नाही. वेळ काढून बघून या.

आता देखरेखीचं. याच ठिकाणी बहुतेक देणगीदारांचे पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' ही जुनी संस्था आहे. तिच्या एकशिक्षकी शाळांमध्ये मास्तर दहातले चार दिवस गैरहजर असत. मग त्यांना कॅमेरा दिला. सकाळी आणि शाळा सुटताना एका मुलानं गुरुजींचा इतर मुलांबरोबर फोटो काढायचा; फोटोवर तारीख-वेळ पडायची आणि ती बदलता यायची नाही. पगार जितके दिवस शाळा भरली त्यावर. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली, आणि मुलांचं शिकणंही सुधारलं. त्याच जिल्ह्यात, त्याच संस्थेच्या मदतीनं सरकारी उपकेंद्रांतल्या नर्ससाठी तसंच यंत्र आणलं. हजेरीचा शिक्का त्यावर मारायचा, गैरहजर दिवसांचे पैसे कापायचे. पहिले काही महिने हजेरी वाढली. मग आरोग्य खात्यानंच 'सूट असलेले दिवस' मंजूर करायला सुरुवात केली: आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा यंत्र बिघडलं. सोळा महिन्यांनी यंत्र असलेली आणि नसलेली केंद्रं यांच्यात काही फरक उरला नाही.

जिल्हा तोच, कल्पना तीच. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी पगार देणाऱ्याला काम व्हायला हवं होतं. म्हणून मी म्हणतो, तुमचा पैसा जिथे जाईल तिथे त्या कामाची तपासणी करणारं माणूस तुमचं असू द्या, आणि त्याचा पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा. देणगीदार नेमकी हीच ओळ खोडतात. 'प्रशासकीय खर्च कमी ठेवा' म्हणतात. देखरेख म्हणजे प्रशासकीय खर्च नव्हे हो, तेच काम आहे.

उदयपूरचीच आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिथे लसीकरण इतकं कमी होतं की काहीच वेगळं न केलेल्या गावांत जेमतेम 6 टक्के मुलांच्या लशी पूर्ण झाल्या होत्या. ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं, तर हा आकडा 18 टक्क्यांच्या आसपास गेला. शिबिराला आलेल्या आईला प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तर 39. पैसे वाटून लोक लाचार होतात वगैरे जे म्हणतात, त्यांना विचारा की रोजंदारी बुडवून तीन मैल चालत आलेल्या बाईला एक किलो डाळ दिली तर त्यात लाचारी कसली?

शाळेकडे येतो. खोल्या कमी असतील, तर तो प्रश्न जिल्हा परिषदेकडून सोडवून घ्या, शाळा व्यवस्थापन समितीनं लावून धरलं तर होतो. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तुमचा पैसा वाचनावर लावा. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांना दुसरीचा धडा वाचायला देतात. 2018 मध्ये तो वाचू शकणारी 50.5 टक्के होती, कोरोनानंतर 2022 मध्ये 42.8, 2024 मध्ये 48.8. निम्मी मुलं पाचवीत बसून दुसरीचं वाचू शकत नाहीत. गुरुजींचा दोष कमी आहे; पाचवीच्या वर्गात त्यांना पाचवीचं पुस्तक संपवायचं असतं, आणि समोर मात्र अक्षरापासून धड्यापर्यंत सगळ्या पायऱ्यांवरची मुलं बसलेली असतात.

यावरचा उपाय मुंबईतून सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेनं काढला आणि आज तो झांबियासारख्या आफ्रिकी देशांतही वापरतात. तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज तास-दीड तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवायचं. प्रत्येकाला एकेकटं बोलावून कागद पुढे करायचा: अक्षरं, शब्द, चार ओळींचा उतारा, गोष्ट. जिथे अडेल तो त्याचा गट. पाचवीतला उंच मुलगा तिसरीतल्या पोरांबरोबर बाराखडीच्या तक्त्याशी बसतो. पहिले दोन दिवस लाजतो, मग विसरतो. दर काही आठवड्यांनी पुन्हा तोच कागद, आणि पुढच्या गटात बढती.

एक धोका मात्र आहे. उत्तराखंडात याच कामासाठी स्वयंसेवक शाळांना दिले, आणि परिणाम शून्य. झालं असं की शिक्षक कमी असल्यामुळे मुख्याध्यापकांनी त्यांना रिकाम्या वर्गांवर बसवलं, आणि ते नेहमीचं पुस्तक शिकवू लागले. उलट उत्तर प्रदेशात शाळेच्याच वेळात 10 किंवा 20 दिवसांची वाचन शिबिरं घेतली, त्या दिवसांत दुसरं काही करायचं नाही असं ठरवलं, तर मुलं झपाट्यानं वाचायला लागली. तेव्हा तुम्ही नेमलेली ताई शाळेत गेली, की ती फक्त वाचनाचा तास घेईल, हजेरी, खिचडी, पोर्टलवर माहिती भरणं यांना हात लावणार नाही, हे शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडून लेखी घ्या. मुख्याध्यापक वाईट नसतात, अडलेले असतात. समोर मोकळं माणूस दिसलं की ते कामाला लावणारच.

आरोग्य की शिक्षण हा तुमच्यातला वाद मला फारसा कळत नाही, कारण घर एकच असतं. 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच एक मोठा अभ्यास आला होता: 1970 ते 2009 या काळात जगभरात बालमृत्यू जितके घटले, त्यातला निम्मा वाटा बायकांचं शिक्षण वाढण्याचा. याची उलट बाजूही खरी आहे. ज्या मुलाला फळ्यावरचं दिसत नाही, ते वाचनात मागे पडतं आणि सगळे त्याला ढ म्हणतात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन सगळी मुलं तपासतं. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. डोळे, कान, दात, हृदयाचे ठोके सगळं बघतात आणि गरज असेल त्याला पुढे पाठवायची चिठ्ठी देतात. माझ्या पाहण्यात या कार्यक्रमाची खरी गळती चिठ्ठीनंतर होते. जिल्ह्याला जायचं तर बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते, दोघांचं एसटीभाडं लागतं, आणि तिथे कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते माहीत नसतं. चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर राहते. तुमच्या चारपैकी एका ताईचं काम फक्त एवढंच ठेवा: चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येक मुलाला सोबत घेऊन जिल्ह्याला जायचं, आणि चष्मा नाकावर किंवा शस्त्रक्रियेची तारीख हातात पडेपर्यंत पाठ सोडायची नाही. तपासणी फुकट, उपचार बहुतेक फुकट, मधला रस्ता तेवढा कुणी धरलेला नाही. त्याला फार पैसा लागत नाही.

आशाताईंशी स्पर्धा करू नका. त्यांना ठरलेल्या मानधनाबरोबर कामागणिक मोबदला मिळतो आणि तो अनेकदा वेळेवर येत नाही, म्हणून तुमच्या 6,000 साठी कुणी यायला तयार होईलही. घेऊ नका, नाहीतर गावातलं सरकारी काम मोडेल. बचत गटातल्या दुसऱ्या बायका शोधा आणि आशाताईला मदतनीस द्या: बाळंतिणीच्या भेटीला सोबत, वजनकाटा बिघडला तर तो लगेच बदलून, रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना आधीच विश्वासात घ्या. गावाची आरोग्य व पोषण समिती असते, तिला वर्षाला 10,000 रुपयांचा मोकळा निधी मिळतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत नुसतं विचारलंत तरी सगळे एकदम सरळ बसतात.

यश कसं मोजायचं हेही विचारलंय. बालमृत्यू मोजायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या पाच गावांची लोकसंख्या 12,000 धरली, तर महाराष्ट्राच्या जन्मदराने वर्षाला 180 च्या आसपास बाळं होतील. राज्याचा 2020 चा अर्भक मृत्यूदर हजारी 16 होता. म्हणजे तुमच्याकडे वर्षाला सुमारे तीन मृत्यू. एका वाईट पावसाळ्यात ते पाच होतील, पुढच्या वर्षी एक. दोन्हींत तुमचा हात नसेल. त्याऐवजी कामं मोजा: किती बाळांच्या सगळ्या भेटी ठरलेल्या दिवशी झाल्या, किती चिठ्ठ्यांचा शेवट लागला, तिसरी ते पाचवीची किती मुलं गोष्ट वाचू लागली. मृत्यूची मात्र प्रत्येकाची चौकशी करा, आकड्यासाठी नाही, कुठे उशीर झाला ते कळण्यासाठी.

बांधकामाला माझा सरसकट विरोध आहे असं नाही. मुलींच्या शाळेत पाणी असलेलं, दाराला आतून कडी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर ते आधी करा. आणि गावं डोंगरात असतील, पावसाळ्यात रस्ता तुटत असेल, तर गरोदर बाईला आधीच येऊन राहता यावं म्हणून आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं, त्याची अवस्था बघा. खोली असते, पण स्वयंपाकाची सोय, सोबतच्या पोरांना खायला आणि रात्री दिवा नसतो.

सुरुवात दिवाळीनंतर करा. जूनमध्ये शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि गाव पेरणीत असतं. पहिले दोन महिने कुणालाही नेमू नका. तुमच्यापैकी जो पुण्यात आहे त्यानं शनिवार-रविवारी जाऊन मुलांना तो वाचनाचा कागद स्वतः वाचायला द्यावा आणि गेल्या वर्षभरात ज्या घरांत बाळ झालं त्या घरी जाऊन बसावं. तालुका आरोग्य अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांना त्यानंतर भेटा, आधी नाही. हातात कागद असला की बोलणं वेगळं होतं.

पैशाबद्दल एक शेवटची गोष्ट, ती सगळ्यात आधी तपासा. दुबईतले मित्र भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ती कायद्याने परदेशी देणगी ठरत नाही. पण न्यू जर्सीतल्या मित्रानं अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी त्याचा पैसा परदेशी धरला जातो. तो फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यावर घेता येतो, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. तेव्हा 40 लाखांतले नेमके किती कुठल्या पासपोर्टवरचे आहेत ते आधी वेगळं काढा, आणि सगळी रक्कम एका खात्यात गोळा करायची घाई करू नका.